न्हाणीच्या पाण्यावर, टपात अन् बोडीच्या काठावर कर्दळ : लावायची कशी, डास टाळायचे कसे?

भंडारा : पाय पाण्यात आणि डोके उन्हात ठेवून वाढणारी फुलझाडे फार थोडी. कर्दळ त्यातलीच एक. गावातल्या जुन्या घरांमागे न्हाणीचे पाणी जिथे साचते, तिथे लाल-पिवळी कर्दळ दिसतेच. ती कोणी हौसेने लावली असेल असे नाही. जागा ओली असते, दुसरे काही टिकत नाही, म्हणून कर्दळ. हीच सवय जरा रीतीने वापरली तर अंगणातल्या टपात, सिमेंटच्या टाक्यात, छोट्या तळ्यात कर्दळ वर्षभर फुलते. न्हाणीचे सांडपाणी गल्लीत वाहत जाण्याऐवजी त्याच झाडांच्या मुळाशी जिरवता येते.

पण एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. साचलेले पाणी म्हणजे डास. भंडारा जिल्हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटण्याच्या मोहिमा इथे वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतो, तर डेंग्यूचा एडिस डास टप, टायर, कुंडीखालची बशी अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात. म्हणजे कर्दळीचा टप नीट ठेवला तर शोभा, नाही तर घरातच आजाराला जागा. त्यामुळे लागवडीची माहिती आणि डासांची माहिती ही दोन्ही एकत्रच समजून घेतली पाहिजे.

कर्दळ म्हणजे नेमके कोणते झाड?

कर्दळीचे शास्त्रीय नाव कॅना. पाने केळीसारखी दिसतात, पण ती केळ नव्हे. शेतात तण म्हणून उगवणारा 'केना' वेगळा, त्याचा हिच्याशी संबंध नाही. सोनटक्काही ओल्या जागी येतो आणि पाने थोडी सारखी दिसतात, पण त्याचे फूल पांढरे व सुवासिक असते. कर्दळीच्या फुलाला वास जवळजवळ नसतो.

कर्दळ मूळची आपल्याकडची नाही. ती अमेरिका खंडातल्या उष्ण भागातून जगभर पसरली. जमिनीखाली आल्यासारखा गड्डा असतो, त्याला कंद म्हणू. या कंदावर डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवा कोंब निघतो. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते खरे तर फुलातले पसरट झालेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या लहान असतात, त्या सहसा नजरेत भरत नाहीत.

फूल गेल्यावर खरखरीत बोंड धरते आणि आत काळे, गोल, दगडासारखे टणक बी तयार होते. बी इतके टणक असते की इंग्रजांनी या झाडाला बंदुकीच्या छऱ्यावरून नाव दिले. काही देशांत त्याच्या माळाही करतात. दक्षिण अमेरिकेत कर्दळीचा कंद शिजवून खातात आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया करतात. मात्र आपल्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला कंद खाण्यासाठी वापरू नये.

पाण्यासाठी कोणती जात घ्यावी?

पाण्यात लावण्याच्या दृष्टीने कर्दळीचे दोन गट पाडता येतात.

१) साधी कर्दळ – गावात सगळीकडे दिसते ती. पाने रुंद, काहींची हिरवी तर काहींची जांभळट. फूल लाल, पिवळे, केशरी किंवा ठिपक्यांचे. ही चिखलात आणि उथळ पाण्यात चांगली राहते. मातीवर २ ते ४ इंच पाणी असले तरी चालते. त्याहून खोल पाण्यात कंद कुजण्याची भीती असते.

२) पाणकर्दळ – हिची पाने अरुंद, निळसर-राखी झाक असलेली आणि उभी असतात. कॅना ग्लाउका ही दलदलीत वाढणारी जात तिचे मूळ. अमेरिकेतल्या लाँगवूड गार्डन्स या बागेत १९७० च्या दशकात या जातीचा बागेतल्या कर्दळींशी संकर करून 'रा', 'एरेबस', 'एंडेव्हर', 'टेनी' अशा पाणकर्दळी तयार करण्यात आल्या. मातीवर ६ इंचांपर्यंत पाणी असले तरी ही झाडे खुशाल राहतात. शहरातल्या मोठ्या रोपवाटिकेत 'वॉटर कॅना' म्हणून विचारले तर मिळू शकते.

गावात पाणकर्दळ मिळाली नाही तरी अडत नाही. शेजाऱ्याकडची साधी कर्दळ टपासाठी पुरेशी आहे. फक्त कंद घेताना झाड बघून घ्यावे. पानांवर पिवळ्या रेघा, चट्टे किंवा मोझेक असेल तर तो कंद फुकट मिळाला तरी घेऊ नये. तो विषाणूचा रोग असतो. त्यावर औषध नाही आणि कंदाबरोबर तो नव्या जागी जातो.

कंद तयार करायची रीत

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुका कंद आणून थेट पाण्याखाली पुरणे. कोंब फुटलेला नसताना कंद बुडाला तर त्याला हवा मिळत नाही आणि आठ-पंधरा दिवसांत तो सडतो. आधी ओल्या मातीत रोप तयार करावे, मग ते पाण्यात उतरवावे.

• कंद कोयत्याने कापताना प्रत्येक तुकड्याला २ ते ३ डोळे राहतील असे बघा.
• कापलेल्या बाजूला चुलीची राख लावा आणि तुकडे एक दिवस सावलीत सुकू द्या.
• कुंडीत डोळे वर करून, २ ते ३ इंच खोल लावा. माती ओलसर ठेवा, चिखल नको.
• ३-४ पाने आली, रोप एक-दीड फुटाचे झाले की कुंडी टपात ठेवा. पहिले आठ दिवस पाणी कुंडीच्या काठाखाली असू द्या. नंतर हळूहळू वाढवत मातीवर २ इंच आणा.

असे करण्यामागे कारण आहे. कोरड्या जमिनीतली मुळे आणि पाण्यातली मुळे यांची घडण वेगळी असते. पाण्यात येणाऱ्या नव्या मुळांत हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि पानांकडून हवा खाली पोचते. धानाचे रोपही असेच चिखलात तग धरते. ही नवी मुळे यायला थोडे दिवस लागतात, तेवढी सवड झाडाला द्यावी.

बियांपासूनही कर्दळ येते. बी टणक असल्याने ते खडबडीत दगडावर घासून आतला पांढरा भाग किंचित दिसू द्यावा आणि एक दिवस कोमट पाण्यात भिजवावे. मात्र संकरित कर्दळीच्या बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नसते. हवा तो रंग हवा असेल तर कंदच लावावा.

टप, टाके, ड्रम : भांडे कोणते आणि माती कोणती?

फुटका नसलेला प्लास्टिकचा टप, जनावरांच्या पाण्याचे जुने सिमेंटचे टाके, अर्धा कापलेला ड्रम, मासे येतात ती थर्माकोलची पेटी, काहीही चालते. शेतीच्या औषधाचा किंवा रसायनाचा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरू नका. टपात मासे सोडायचे असतील तर ते त्यात मरतात, आणि असे डबे घराजवळ असणेही चांगले नाही.

सोपी पद्धत म्हणजे 'कुंडीत झाड, टपात कुंडी'. १० ते १२ इंच रुंदीच्या, तळाला भोके असलेल्या कुंडीत किंवा टोपलीत झाड लावायचे आणि ती कुंडी टपात ठेवायची. टप धुवायचा असेल, झाड काढायचे असेल तर कुंडी उचलली की झाले.

मातीबाबत जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कन्हार किंवा मोरांड अशी चिकण अंगाची माती घ्यावी. सिहारसारखी हलकी रेताड माती एकटी वापरू नये, ती पाण्यात सैल होते आणि झाड कलते. बोडीतला उन्हाळ्यात काढलेला सुका गाळ उत्तम. बाजारातला कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचे हलके खत मातीत मिसळू नये. ते तरंगून वर येते आणि पाणी काळे करते.

ताजे शेण तर अजिबात नको. पाण्याखाली शेण कुजले की वायू सुटतो, वास येतो, पाणी हिरवे पडते आणि मासे मरतात. पूर्ण कुजलेले शेणखत दोन मुठी, तेही कुंडीच्या अगदी तळाशी, वर चिकण माती आणि सगळ्यात वर एक इंच बारीक गिट्टी किंवा धुतलेली बजरी. गिट्टीमुळे माती वर उठत नाही.

पुढे दीड-दोन महिन्यांनी झाड मंदावले तर मिश्र खताचा एक छोटा चमचा चिकण मातीच्या गोळ्यात भरून तो गोळा मुळाजवळ खोल खुपसावा. खत पाण्यावर टाकू नये, त्याने फक्त शेवाळ वाढते. न्हाणीचे पाणी मिळणाऱ्या कर्दळीला वरून खत लागत नाही.

ऊन दिवसाला किमान ५-६ तास हवे. सावलीत पाने भरपूर येतात, फूल येत नाही. कर्दळ फुलत नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण सावली असते, नाही तर खूप जुना, दाटलेला गड्डा.

मे महिन्याचे पाणी

भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत उघड्या टपातले पाणी नुसत्या बाष्पीभवनाने रोज सुमारे एक सेंटिमीटर उतरते आणि कर्दळीची मोठी पाने पितात ते वेगळे. मातीवर २ इंच पाणी असेल तर चार-पाच दिवसांत टप रिकामा दिसू लागतो. पाणी तुटले तर पानांच्या कडा करपतात. झाड लगेच मरत नाही, कंद तग धरतो, पण फुलोरा थांबतो.

उपाय साधे आहेत. लहान टपापेक्षा मोठे टाके बरे, कारण त्यातले पाणी लवकर तापत नाही. काळा टप भिंतीच्या सावलीत अर्धा लपेल असा ठेवावा. पाणी सकाळी भरावे. आणि गावात टँकरची वेळ आलेली असताना पिण्याच्या नळाचे पाणी फुलझाडाला घालू नये. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्यासाठी पुरेसे आहे.

डास होऊ नयेत म्हणून

डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवामानात साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळा असे आरोग्य कर्मचारी सांगतात. कर्दळीच्या टपालाही तोच नियम. यापैकी एक तरी उपाय हवाच :

• पाणी दिसूच देऊ नये. टपात कुंडीच्या सभोवती गिट्टी भरा आणि पाण्याची पातळी गिट्टीच्या वरच्या थराखाली दोन बोटे ठेवा. झाडाची मुळे ओली, वरचा थर कोरडा. डासाला अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही. लहान टपासाठी हा सगळ्यात चांगला उपाय.
• दर आठवड्याला टप रिकामा करा. पाणी बागेत ओता, टपाची आतली बाजू घासा. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी बराच काळ टिकतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही, घासणे जरुरीचे.
• गप्पी मासे सोडा. मोठ्या टाक्यात किंवा छोट्या तळ्यात गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारपूस करावी. छोट्या टपात उन्हाळ्यात पाणी तापून मासे मरतात. गप्पी बाहेरचा मासा आहे, तो तलावात किंवा नाल्यात सोडू नये.

टपात रॉकेल किंवा जळके तेल टाकू नका. डास थांबतील, पण झाड आणि मासेही जातील. आणि घरात रांगते किंवा नुकते चालायला लागलेले लेकरू असेल तर फूटभर पाण्याचा टपही धोक्याचा असतो. अशा घरात गिट्टी भरलेलाच टप ठेवावा, नाही तर वर जाळी घट्ट बांधावी.

न्हाणीच्या पाण्यावर कर्दळीचा वाफा

जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा हिशेब धरलेला आहे. ५ माणसांच्या घराला म्हणजे रोज २७५ लिटर. त्यातला दोन तृतीयांश भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असे धरले तर रोज सुमारे १८० लिटर. नळ घरात आला, पण पाणी जायला वाट नसेल तर गल्लीत चिखल, शेजाऱ्याशी भांडण आणि डास हे तिन्ही आलेच. घरोघरी शोषखड्डा आणि परसबाग हा त्यावरचा शासनाचा उपाय. पण चिकण कन्हार जमिनीत शोषखड्डा लवकर भरतो, पावसाळ्यात तर पाणी मुरतच नाही. अशा जागी कर्दळीचा वाफा कामी येतो.

नागपूरच्या 'नीरी' या केंद्रीय संस्थेने सांडपाण्यासाठी 'फायटोरिड' नावाचे तंत्र तयार केले आहे. गिट्टीच्या थरात पाणवनस्पती लावायच्या आणि त्यातून पाणी हळूहळू सरकवायचे, हे त्याचे तत्त्व. त्यासाठी सांगितलेल्या वनस्पतींत पाणकणीस आणि वेताळ गवतांबरोबर कर्दळही आहे. घरचा वाफा म्हणजे फायटोरिड नव्हे, पण तत्त्व तेच.

५ माणसांच्या घरासाठी वाफा असा करता येतो :

१) माणशी १ चौरस मीटर, म्हणजे ५ चौरस मीटर जागा घ्या. ५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल चर खणा. लांबट आकार चांगला, कारण पाण्याला जास्त वाट चालावी लागते.
२) विहीर किंवा बोअरपासून किमान ५० फूट दूर राहा. तळाला जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे अर्धवट पाणी जमिनीत उतरून विहिरीत जाणार नाही.
३) न्हाणीचे पाणी आधी एका छोट्या टाक्यात घ्या. तिथे माती, केस, अन्नाचे कण आणि तेलकट साय अडेल. टाक्यावर घट्ट झाकण ठेवा.
४) चरात दोन्ही टोकांना मोठे दगड आणि मध्ये सारख्या आकाराची धुतलेली गिट्टी भरा. माती किंवा मुरूम मिसळू नका, त्याने वाफा तुंबतो.
५) दुसऱ्या टोकाला तळाशी पाइप लावून तो बाहेर वर वळवा. वळवलेल्या तोंडाची उंची अशी ठेवा की आतले पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाच्या २ इंच खाली राहील. यामुळे पाणी कधी उघडे पडत नाही, वास येत नाही आणि डास होत नाहीत.
६) दीड-दीड फुटावर कर्दळीची तयार रोपे लावा. मुळे ओल्या थरापर्यंत पोचली पाहिजेत.

हिशेब असा. ५ चौरस मीटर जागा, सुमारे ५५ सेंटिमीटर ओला थर आणि गिट्टीतल्या पोकळ्या साधारण ४० टक्के धरल्या तर वाफ्यात ११०० लिटर पाणी मावते. रोज १८० लिटर आले तर पाणी आत ६ दिवस थांबते. तेवढ्या वेळात गिट्टीवर आणि मुळांवर वाढलेले सूक्ष्म जीव घाण खाऊन टाकतात. खरे काम त्यांचे. कर्दळ त्यांना मुळांची जागा देते, थोडी हवा खाली पोचवते आणि पाण्यातले नत्र-स्फुरद स्वतःच्या वाढीसाठी ओढते. म्हणूनच या वाफ्यातली कर्दळ वेळोवेळी कापावी लागते. कापली नाही तर पाने तिथेच कुजतात आणि ओढलेले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते.

बाहेर पडलेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी ते पिण्याचे किंवा भांडी धुण्याचे पाणी नव्हे. केळी, पपई, नारळ, गवत यांना ते चालते. मेथी, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. संडासचे पाणी या वाफ्यात कधीही सोडू नये.

आधीचे टाके १५ दिवसांनी साफ करायला हवे. हे काम टाळले की वाफा वर्षा-दोन वर्षांत तुंबतो आणि मग लोक कर्दळीला दोष देतात. सामायिक सांडपाण्यासाठी मोठा वाफा करायचा असेल तर ग्रामपंचायतीत स्वच्छ भारत मिशन आणि रोजगार हमीच्या सांडपाणी कामांबद्दल चौकशी करावी आणि आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

मामा तलावात कर्दळ सोडू नका

भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव आणि आता 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे शेकडो तलाव आणि बोड्या इथल्या धानाचा आणि ढिवर बांधवांच्या मासेमारीचा आधार आहेत. या तलावांनी बाहेरून आलेल्या वनस्पतींचा मार खूप खाल्ला आहे. बेशरम मूळची अमेरिका खंडातली, आज ती कित्येक तलावांच्या पोटात घुसली आहे. वैनगंगेत जलकुंभीची चादर दरवर्षीची झाली आहे. भंडारा-गोंदियात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजासोबत तलावांतली बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम करत आले आहे. देशी वनस्पती परतल्या की माशांना खाद्य आणि अंडी घालायला जागा मिळते.

कर्दळ बेशरमइतकी आक्रमक नाही. तरी तीही बाहेरचीच आहे आणि तिचा कंद वाहून गेला की दुसरीकडे रुजतो. म्हणून नियम सोपा ठेवावा. कर्दळ अंगणात, टपात, घरच्या वाफ्यात. गावतलावात, नाल्यात किंवा नदीकाठी नाही. उपटलेले कंद तलावाच्या पाळीवर फेकू नका, उन्हात पूर्ण वाळवून खतखड्ड्यात टाका. स्वतःच्या बोडीच्या काठावर लावायची असेल तर कुंडीतच लावावी. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कंद थेट लावू नये, कोंबांनी आणि खणताना कुदळीने कागद फाटण्याचा धोका असतो. तिथेही कुंडीच बरी.

रोग, कीड आणि इतर तक्रारी

• पान गुंडाळलेले, आत अळी : गुंडाळी उघडून अळी हाताने काढा. फार असेल तर ते पानच कापा. टपात मासे असतील तर कीटकनाशक फवारू नका.
• पानाखाली नारिंगी भुकटी : तांबेरा. रोगट पाने कापून जाळा, झाडांत अंतर वाढवा.
• पिवळ्या रेघा, वेडीवाकडी पाने : विषाणू. झाड कंदासह उपटून नष्ट करा. त्याच कोयत्याने दुसरे झाड कापण्याआधी पाते विस्तवावर तापवा.
• बुंधा मऊ, सडका वास : पाणी जास्त खोल किंवा शेण ताजे. कुंडी वर उचला, सडका भाग कापा, नव्या मातीत लावा.
• पाणी हिरवेगार : ऊन जास्त आणि खत पाण्यात मिसळलेले. अर्धे पाणी बदला, खत थांबवा.
• शेळ्या : कर्दळ विषारी नाही, त्यामुळे शेळ्या ती आवडीने खातात. कुंपण नसेल तर फुले बघायला मिळणार नाहीत. सांडपाण्याच्या वाफ्यातला पाला जनावरांना घालण्यापेक्षा खतखड्ड्यात टाकलेला बरा.

वर्षभराचे काम

मृग ते पोळा : लागवडीचा मुख्य काळ. गड्डे फोडून वाटणी करा. टप पावसाने भरून वाहतात, पाणी मातीवर ४ इंचांच्या वर जाऊ देऊ नका. डासांवर सगळ्यात जास्त लक्ष याच दिवसांत हवे.

दसरा-दिवाळी : भर फुलोरा. एका दांड्याला फुले एकदाच येतात. तुरा संपला की दांडा बुडापासून कापा, शेजारून नवा कोंब येतो.

संक्रांतीच्या आसपास : थंडीने वाढ मंदावते, पाने तांबूस होतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून कंद काढून ठेवायची गरज नाही. पाणी थोडे कमी करा, खत देऊ नका.

होळीनंतर : जुने दांडे छाटा. दोन वर्षे झालेला गड्डा कुंडीत दाटतो, प्लास्टिकची कुंडी तडकवतो. तो काढून तुकडे करा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना द्या.

एप्रिल-मे : पाणी तुटू देऊ नका. बाकी काही करायची गरज नाही.

थोडक्यात

• आधी ओल्या मातीत रोप, मग पाण्यात. सुका कंद पाण्याखाली पुरू नका.
• साध्या कर्दळीला मातीवर २ ते ४ इंच पाणी, पाणकर्दळीला ६ इंचांपर्यंत.
• चिकण माती, वर गिट्टी. ताजे शेण नाही.
• पाणी गिट्टीखाली ठेवा, नाही तर दर आठवड्याला टप घासा.
• सांडपाण्याचा वाफा माणशी १ चौरस मीटर, विहिरीपासून किमान ५० फूट दूर.
• मामा तलाव, नाला आणि नदीत कर्दळ नको.